फांदी कोणत्या झाडाची

गेल्या वर्षी मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला, रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात निलगिरीची फांदी पडली आणि तिच्याखाली माझे थोरले भाऊ गेले. अंधड, धुळीचं वादळ, सुटलं होतं. ते स्कूटर शेडमध्ये घ्यायला बाहेर आले होते. पाऊस आला नव्हता, नंतरही आला नाही. रुग्णालयात पोचण्याआधीच ते गेले होते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्या दिवशी एवढंच निश्चित होतं. बाकीचं हळूहळू कळलं.

मी रायपुरातच, तेलीबांध्याला राहतो. एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर नोकरी झाली, आता निवृत्त आहे. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडेही वारा होता, खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. मी पोचलो तेव्हा दादांना नेलेलं होतं. अंगणात फांदी आडवी पडलेली, तिच्याखाली स्कूटर, आणि कॉलोनीतले लोक करवतीने फांदीचे तुकडे करत होते. दादांना बाहेर काढायला त्यांनी सुरुवातीला मधला भाग कापला होता. आता वाट मोकळी करायची म्हणून बाकीचा कापत होते. संध्याकाळपर्यंत वॉर्डातली गाडी आली आणि लाकूड घेऊन गेली. कोणी तिला थांबवलं नाही. थांबवायचं कारण तेव्हा कोणाला दिसलं नाही, मलाही नाही.

पंचनाम्यात ‘निलगिरी के पेड़ की डाल’ असं लिहिलं गेलं. ते बरोबर होतं.

फक्त निलगिरीची झाडं तिथे दोन होती. एक आमच्या आवारात, वडिलांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेलं. दुसरं भिंतीपलीकडे, मागच्या बंद प्लॉटमध्ये. त्या प्लॉटचे मालक बाहेरगावी असतात. फाटकाला कुलूप आहे आणि आत माणसाच्या कमरेएवढं गवत. दोन्ही झाडं तीन मजली घराहून उंच, भिंतीच्या दोन बाजूंना जवळजवळ उभी. वर त्यांच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर एकच झाड दिसायचं, आणि घरात सगळे एकाच झाडासारखं बोलायचे. निलगिरीचा पाला पडला, निलगिरीवर माकड आलं. कोणत्या निलगिरीवर, असं कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

अंधडानंतर दोन्ही झाडांवर, वर, ताज्या पांढऱ्या जखमा होत्या. त्या दिवशी कॉलोनीत बऱ्याच फांद्या पडल्या.

फांदीबरोबर एक घरटंही खाली आलं होतं, कावळ्याचं. तीन डहाळ्यांच्या बेचक्यात घट्ट बसलेलं होतं, म्हणून फुटलं नाही. आत अंडी नव्हती. करवत चालवणाऱ्यांपैकी कोणीतरी घरटं बेचक्यासकट कापून भिंतीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते मागच्या पडवीत, जुन्या कूलरच्या स्टँडवर होतं. वहिनींनी आणून ठेवलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

हे घरटं महत्त्वाचं का, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

दादांना आमचं झाड तोडायचं होतं. मुळं नालीत शिरत होती, पाल्याने गच्चीचे पाइप तुंबत होते. भाद्रपदातल्या एका रविवारी त्यांनी झाड कापणारे बोलावले. मी त्या दिवशी चहाला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. माणसं दोर आणि करवत घेऊन अंगणात आली, एक जण झाडाला दोर लावून चढायच्या तयारीत होता. वहिनी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या गोंदियाकडच्या. लग्नानंतर इतकी वर्षं रायपुरात काढूनही त्यांची बोली बदलली नाही.

“पितृपक्ष तोंडावर आला,” त्या म्हणाल्या. “आईंचा कावळा याच झाडावर राहते. त्याचं घर मोडल्यावर पान कोणासाठी मांडू?”

आमची आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पितृपक्षात आईच्या तिथीला वहिनी स्वयंपाक करून केळीच्या पानावर वाढत आणि पान मागच्या भिंतीवर नेऊन ठेवत. मग स्वयंपाकघरात येऊन खिडकीतून पाहत उभ्या राहत. कावळा निलगिरीतून खाली यायचा, पानाला चोच लावायचा. त्याने चोच लावल्याशिवाय घरात कोणी जेवायला बसत नसे. आईच्या हयातीत आजीसाठी असंच होत असे, आणि आईच पाहत उभी असे.

दादा म्हणाले, “अवो, कावळ्याले सारं रायपूर पडलं हाये. तो आपल्याच झाडावर काहून बसन?”

“बसते म्हणून सांगून राहिली ना मी. तुमी कधी पाह्यलं का उभं राहून?”

दादांनी पाहिलेलं नव्हतं. त्या वेळी ते जेवणाची वाट पाहत पुढच्या खोलीत बसलेले असत. कापणाऱ्यांचा मुखिया दोघांकडे आळीपाळीने बघत होता. वहिनींनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. दादा त्यानंतर दोन-तीन दिवस वहिनींशी नीट बोलले नाहीत. मग एकदा फोनवर मला म्हणाले, “राहू दे ते झाड. माझ्या पानाचीबी सोय झाली.” आणि हसले. मीही हसलो.

झाड राहिलं. त्या हिवाळ्यात दादांना नेहमीसारखा खोकला झाला तेव्हा वहिनींनी नेहमीसारखी आमच्या झाडाच्या खालच्या डहाळीची पानं तोडून पाण्यात उकळली आणि त्यांना वाफारा दिला. डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेले दादा मी पाहिले आहेत. ते त्यातूनही बोलत राहायचे.

दादा गेल्यावर दहाव्या दिवशी खारून नदीच्या काठावर, महादेव घाटावर, क्रियाकर्म झालं. दादांना एकच मुलगी. ती पुण्याला नोकरी करते, आली होती. विधी मी केला. पिंड ठेवल्यावर कावळे होते, पण जवळ येत नव्हते. रिवाजाप्रमाणे जे बोलायचं ते बोललो. मुलीची काळजी करू नका, तिच्या आईची करू नका, घराचं पाहू. गुरुजींनी आणखी वाट पाहिली. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पूर्ण केला. असं पुष्कळदा होतं, असं गुरुजी म्हणाले.

घरी आल्यावर वहिनींनी एकच विचारलं, “शिवला?”

मी नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पडवीतल्या घरट्याकडे पाहिलं. काही वेळाने, भाजीचं विचारावं तशा आवाजात, म्हणाल्या, “त्यांना तोडायचं होतं ते झाड. मीच नाही म्हटलं.”

घरट्यामुळे त्यांच्या मनात शंकाच नव्हती. कावळा आपल्या झाडावर राहतो. कावळ्याचं घरटं फांदीवर होतं. म्हणजे फांदी आपल्या झाडाची. दोन वर्षांपूर्वी झाड तोडू दिलं असतं तर फांदी नसती. भेटायला येणाऱ्यांपैकी एक-दोघींनीही हे असंच जुळवलं होतं. त्या वहिनींसमोर बोलत नव्हत्या, पण पडवी लहान आहे.

तेराव्यानंतर एका सकाळी वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमी पेपरात होते. ती फांदी कोणत्या झाडाची, ते तुमाले समजन का? मले खरं सांगा. बरं वाटावं म्हणून नका सांगू.”

मी पाहतो म्हणालो.

पुतणीला हे आवडलं नाही. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. अंगणात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “काका, पेड़ का पता करके मम्मी को क्या मिलेगा? और अपना ही निकला तो? बोल पाओगे?”

जे निघेल ते सांगेन, असं मी म्हटलं.

“आप घर में भी अख़बार वाले ही रहोगे,” ती म्हणाली आणि आत गेली. त्या आठवड्यात ती पुण्याला परतली.

डेस्कवर असताना परीक्षणासाठी आलेलं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं. निलगिरीच्या जाती ओळखायचं, ऑस्ट्रेलियात छापलेलं. त्यात पुष्कळ झाडांच्या वर्णनाची सुरुवात ‘उंच, इथलंच झाड’ अशी आहे. तिथे ती इथलीच आहेत. पुस्तकाची पद्धत सोपी आहे. आधी खोडाची साल बघायची, खालची आणि वरची वेगवेगळी. मग पान चुरगाळून वास घ्यायचा. मग कळ्या. शेवटी फळ. आणि एका खुणेवर कधीही नाव सांगायचं नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

झाडं उभी होती, म्हणून खोडापासून सुरुवात केली. आमच्या झाडाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीपर्यंत करडी, खरखरीत, भेगाळलेली साल आहे. त्याच्यावर खोड गुळगुळीत होतं आणि तिथली साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबते. मागचं झाड भिंतीवर चढून पाहिलं. त्याचं खोड थेट जमिनीपासून गुळगुळीत. पांढरट, कुठे गुलाबी, खपल्या पडल्यासारखे डाग. खरखरीत भाग कुठेच नाही. तीस-पस्तीस वर्षांत मी त्या भिंतीशेजारून किती वेळा गेलो असेन. ही दोन वेगळी झाडं आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणजे प्रश्नाला उत्तर असू शकत होतं. दोन्ही एकाच जातीची असती तर नसतं.

मागच्या झाडाची एक डहाळी भिंतीवरून आमच्या बाजूला आली होती. ती कोणत्या खोडाला जोडलेली आहे हे खालपासून नजरेने तपासून तिची पानं आणि फळं कापून घेतली. पान चुरगाळलं तर लिंबाचा वास आला, सरळ, तीव्र. आमच्या झाडाचं पान चुरगाळलं तर औषधी वास, सर्दीच्या बामसारखा. आमच्या झाडाच्या कळ्या एका देठावर झुबक्याने, आणि प्रत्येक कळीवर लांब टोकदार टोपी, लहान शिंगासारखी. मागच्या झाडाच्या कळ्यांचे देठ फाटे फुटलेले, टोप्या आखूड आणि गोल. फळांत फरक सगळ्यात स्पष्ट होता. आमच्या झाडाचं फळ वाटाण्याहून लहान, अर्ध्या गोळ्यासारखं, आणि त्याच्या तोंडाशी चार झडपा बाहेर डोकावलेल्या. मागच्या झाडाचं फळ त्याहून मोठं, मान आवळलेल्या घागरीसारखं, झडपा आत खोल, वरून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

पुस्तकानुसार मागचं झाड लिंबाच्या वासाची निलगिरी, कोरिंबिया सिट्रिओडोरा. आमचं युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निसच्या जवळचं.

आता पडलेल्या फांदीचा नमुना हवा होता. अंगणातला पाला उपयोगाचा नव्हता. दोन्ही झाडांचा पाला आमच्याच अंगणात पडतो, तो नेहमीच मिसळलेला असतो. लाकूड गेलं होतं. राहिलं होतं घरटं.

घरट्यातून एक काडी ओढून काढली. तिला वाळलेल्या कळ्यांचा झुबका होता. शिंगासारख्या टोकदार टोप्या. आमच्या झाडाच्या.

ती संध्याकाळ मी तेलीबांध्याला घरी बसून काढली. तलावाच्या बाजूने लोक फिरायला निघाले होते, आइस्क्रीमच्या गाड्यांचा आवाज येत होता. उत्तर मिळालं होतं. वहिनींना सांगायचं वाक्य तयार केलं, लहान. फोन हातात घेतला होता. डेस्कवर एक सवय लागलेली होती. मथळा लिहून झाला की बातमी पाठवण्याआधी एकदा विचारायचं, हे आपल्याला कोणी सांगितलं, आणि त्याला ते कुठून माहीत. फोन ठेवला.

काडी घरट्यातली होती. घरटं कावळ्याने बांधलेलं. कावळा काड्या कुठूनही आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन घरटं पुन्हा पाहिलं. त्यात कडुनिंबाच्या काड्या होत्या, तारेचा तुकडा होता, कोणाच्या तरी झाडूचे हीर होते. त्यातली कोणतीच वस्तू पडलेल्या फांदीबद्दल काही सांगत नव्हती. फांदीचा म्हणता येईल असा भाग एकच होता. घरटं ज्यात बसलं होतं ते बेचकं. करवतीने कापलेला बुंधा, त्यातून फुटलेल्या तीन डहाळ्या. घरटं थोडं उचललं तेव्हा खालच्या डहाळीला वाळलेली पानं आणि फळांचा एक गुच्छ दिसला. जोडलेला होता, ओढून पाहिला. बेचक्याची साल सगळीकडे गुळगुळीत. वाळलेलं पान चुरगाळलं. वास अजून होता. फळं मान आवळलेली, झडपा आत.

बेचकं मागच्या झाडाचं होतं.

आदल्या दिवशी एकदा चूक केली होती, म्हणून दुसऱ्याला विचारायचं ठरवलं. एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई ओळखीतून मिळाल्या. दोन पाकिटं नेली. एकात बेचक्यावरची पानं-फळं, दुसऱ्यात आमच्या झाडाची. कोणत्यात काय आहे ते सांगितलं नाही, काय हवं आहे तेही नाही. त्यांनी भिंगातून फळं पाहिली, पानं चुरगाळली आणि हिंदीत सांगितलं की पहिलं लिंबाच्या वासाचं आहे, यात शंका नाही. दुसरं इकडे सगळीकडे लावलेली नेहमीची निलगिरी. नर्सरीतल्या रोपांत संकर पुष्कळ झाला आहे, म्हणून त्याचं नेमकं नाव त्या लिहून देणार नाहीत. पण दोन्ही एका झाडाची नाहीत, हे लिहून देतील. मी लिहून मागितलं नाही. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. घरचं काम आहे, असं सांगितलं.

वहिनी पडवीत गवार मोडत बसल्या होत्या. मी त्यांना नाव सांगितलं नाही, पुस्तकही उघडलं नाही. आधी आमच्या झाडाचं पान हातात दिलं आणि चुरगाळायला सांगितलं.

त्यांनी वास घेतला. “हे तर आपलं. वाफाऱ्याचं.”

मग बेचक्यावरचं वाळलेलं पान दिलं. त्यांनी ते बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं, परत चोळलं.

“हे लिंबासारखं लागते. हे कुठलं?”

“घरटं ज्या फांदीत होतं, तिचं.”

त्यांनी गवारीची परात बाजूला सरकवली. मी मागच्या झाडाची ताजी डहाळी दिली. त्यांनी तिचं पान तोडून चुरगाळलं आणि दोन्ही हात आळीपाळीने नाकाजवळ नेले. बराच वेळ.

“फांदी मागच्या झाडाची होती,” मी म्हणालो. “आपल्या झाडाची नव्हती. हे नक्की आहे. दुसरीकडे दाखवूनही आलो.”

“म्हणजे आपलं तोडलं असतं तरी ती पडलीच असती.”

“हो.”

त्या उठून खिडकीशी गेल्या. तिथून दोन्ही झाडं एकच दिसत होती. तशाच उभ्या राहून विचारलं, “आन् कावळा?”

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. या वर्षीचं घरटं मागच्या झाडावर होतं. आधीच्या वर्षांत कावळा कोणत्या झाडावर होता, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण या वर्षी आपल्या झाडावर नव्हता.

“मंग मी त्यांच्याशी भांडली कशाले?” वहिनी म्हणाल्या.

त्या मला विचारत नव्हत्या, असं वाटलं. मग येऊन बसल्या आणि उरलेली गवार मोडली. त्या दिवशी मी तिथेच जेवलो. फांदीबद्दल त्यांनी परत कधी विचारलं नाही.

पावसाळा गेला. मागच्या प्लॉटमधल्या झाडाबद्दल आम्ही महापालिकेत अर्ज दिला होता. माणसं येऊन पाहून गेली, पुढे काही आठवड्यांनी आमच्या बाजूला झुकलेल्या दोन फांद्या त्यांनी छाटल्या. झाड ठेवलं.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. आपलं झाड कापायला काही परवानगी लागते का, ते पाहून द्या, म्हणाल्या. मी विचारून घेतलं आणि सांगितलं. माणसं त्यांनीच बोलावली होती, दोन वर्षांपूर्वीचीच. मुखियाने अंगणात आल्या-आल्या वहिनींना ओळखलं.

“दीदी, वो दारी तो भगा दे रहेव हमन ला,” तो म्हणाला. त्या वेळी तर हाकलून दिलं होतं आम्हाला.

“हव,” वहिनी म्हणाल्या. “चहाबी दिला होता.”

“दे रहेव,” त्याने मान्य केलं. “अभी पहिली चाय, तब टंगिया.”

टंगिया म्हणजे कुऱ्हाड. म्हणून आधी चहा झाला. मग दोर लागला. आधी शेंडा, मग फांद्या वरून खाली, मग खोड तुकड्यातुकड्याने. दोन दिवस लागले. अंगणात बामचा वास भरून राहिला होता, कपड्यांना लागला. पुतणी दिवाळीची सुट्टी वाढवून घरी थांबली होती. दुसऱ्या दिवशी खोड खाली आलं तेव्हा ती गच्चीवरून उतरून आली.

“मम्मी, ये वाला तो था ही नहीं,” ती म्हणाली. “काका ने बताया था ना. फिर ये क्यों?”

“तुझ्या बाबांनी सांगितलं होतं,” वहिनी म्हणाल्या.

पुतणी माझ्याकडे पाहत राहिली. मग ती बुंध्यापाशी जाऊन बसली, करवतीच्या भुशात. पुढे तिने फोनवर मला सांगितलं की पुण्यात तिच्या कार्यालयाच्या आवारात एक निलगिरी आहे. तिने पान चुरगाळून पाहिलं. लिंबाचा वास नाही, म्हणाली. फळाचा फोटो पाठवला. झडपा बाहेर आलेल्या होत्या. आपल्यासारखं, असं मी तिला लिहून पाठवलं.

मुख्य बुंधा जमिनीपासून हातभर ठेवला आहे. खरखरीत साल अजून त्यावर आहे. वहिनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवतात. घरटं मधे कधीतरी पडवीतून गेलं. कोणी टाकलं ते माहीत नाही. कूलर परत स्टँडवर आहे.

या वर्षी मे महिन्यात दादांचं वर्षश्राद्ध झालं. पुतणी आली होती. मागच्या झाडावर पुन्हा घरटं होतं, गुळगुळीत खोडाच्या वरच्या बेचक्यात. वहिनींनी स्वयंपाक केला, पान वाढलं, नेहमीच्या जागी भिंतीवर नेऊन ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. मला त्यांनी जवळ बोलावलं. आता मधे दुसरं झाड नसल्यामुळे खिडकीतून सरळ दिसत होतं. कावळा मागच्या झाडावरून उतरला, भिंतीवर बसला आणि त्याने वड्याला चोच लावली. हे वहिनींनी पाहिलं आणि मीही पाहिलं.